चरणजित सिंग यांचे दहा राग: सोळा घरांत काय मावलं, काय निसटलं

‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या रेकॉर्डचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोत जन्मण्याच्या पाच वर्षं आधी ते मुंबईत वाजलं होतं. तारखा बरोबर आहेत. चरणजित सिंग यांचं एचएमव्हीसाठीचं हे ध्वनिमुद्रण १९८२ चं, आणि ज्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’वरून त्या प्रकाराचं बारसं झालं ते १९८७ चं. पण शिकागोतल्या पोरांनी ही तबकडी ऐकली नव्हती आणि चरणजितनाही शिकागोशी काही घेणंदेणं नव्हतं. यंत्रं तीच होती, म्हणून आवाज जुळला. या ‘आधी कोण’च्या वादात रेकॉर्ड मात्र ऐकायची राहून जाते. तिच्यात दहा राग आहेत. ते यंत्रात कसे बसवले, कुठे चपखल बसले आणि कुठे नुसते कोंबले, हे विचारणारा माणूस विरळाच. (आणि ‘भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत’ हा किताबही या रेकॉर्डला देऊ नये. अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ सालीच मूग सिंथेसायझर येऊन स्टुडिओ उभा राहिला होता.)

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले सेशन वादक. गिटार, बास, की-बोर्ड, जे समोर येईल ते. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ताफ्यांत त्यांनी वाजवलं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस अशा ठिकाणी ज्यांची हयात गेली त्या वादकांची एक शिस्त असते: नोटेशन समोर, दोन रिहर्सल, मग टेक. ती शिस्त या रेकॉर्डभर ऐकू येते. दहाही तुकडे पाच मिनिटांच्या आसपासचे आहेत आणि एकही रेंगाळत नाही. रचनाही साधी: बहुतेक ठिकाणी आधी मोकळी, आलापवजा एखादी ओळ, मग यंत्रं सुरू, आणि त्यांच्यावर रागाची फिरत. कल्पना त्यांचीच. त्या काळी सिनेमात डिस्कोचा सुळसुळाट होता, तेव्हा ठेका डिस्कोचा ठेवून तबला काढून टाकावा आणि वर राग वाजवावेत. रेकॉर्ड चालली नाही. २००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात सापडली आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने ती पुन्हा काढली. तेव्हा अनेकांना वाटलं, कुणीतरी आजच बनवून जुन्या कव्हरात घातलीय. यंत्रांच्या तारखा पाहिल्या असत्या तरी शंका फिटली असती.

यंत्रं तीन, तिन्ही रोलंडची. टीआर-८०८ हे १९८० चं तालयंत्र. टीबी-३०३ हे बासयंत्र १९८१ च्या अखेरीस आलं आणि १९८४ पर्यंत बंदही पडलं. गिटारवाल्याला घरी सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं, पण आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता, म्हणून गिटारवाल्यांनी नाक मुरडलं. तिसरा ज्युपिटर-८: आठ स्वर एकदम वाजवणारा, प्रत्येक स्वराला दोन ऑसिलेटर, ६१ पट्ट्या, वजन वीस किलोंच्या वर. १९८२ साली हे त्रिकूट एका माणसाकडे असणं ही जगात कुठेही दुर्मीळ गोष्ट होती. चरणजितनी ती सिंगापूरहून आणली.

आता रागांची निवड. कव्हरवर नावं आहेत: भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग म्हटल्यावर मराठी माणसाला भातखंडे आणि त्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे दहा साचे, आठवणार, पण इथे तसा हिशोब नाही. बिलावल आणि आसावरी हे थाट गैरहजर आहेत, कल्याणाला मात्र दोन जागा आहेत, भूपाली आणि यमन. हिशोब वेगळाच आहे आणि तो बेरकी आहे. भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी आणि मेघाचं प्रचलित रूप, हे पाचही औडव. म्हणजे निम्मी रेकॉर्ड पाच सुरांची. पाच सुरांचा राग वेगात धावडवला तरी मोडत नाही, कारण शेजारचे सूर एकमेकांपासून लांब असतात. सात सुरांच्या रागात, आणि त्यातही ज्याची चाल वक्र आहे अशा रागात, सरळ धावणारी ओळ लावली की राग गळून नुसता थाट उरतो. यंत्राला सरळ धावायला आवडतं. हे ज्याने ओळखलं त्याने अर्धी लढाई स्टुडिओत शिरण्याआधीच जिंकली.

३०३ नेमकं काय करतं, ते तबला सोलो ऐकणाऱ्याला लगेच कळेल. तबला सोलोत पेटी किंवा सारंगी एकच ओळ सोळा मात्रांत फिरवत राहते. तो लेहरा. त्याचं काम गाणं नव्हे, मोजणं. ३०३ म्हणजे बॅटरीवर चालणारा लेहरा. सोळा घरांचा एक पॅटर्न, तो फिरत राहतो, आणि वादक हात लावतो तो सुरांना नाही तर कटऑफ, रेझोनन्स, डिके या आवाजाचा पोत बदलणाऱ्या नॉबना. ओळ तीच, पण तिचं तोंड कधी मिटलेलं, कधी आ वासलेलं. जगाने ज्याला पुढे ‘अ‍ॅसिड’ म्हटलं ते इतकंच आहे. या रेकॉर्डवर नॉबचा खेळ पुढच्या शिकागोवाल्यांइतका उच्छृंखल नाही. चरणजितना ओळ ऐकवायची आहे, पिळवटायची नाही. हा फरक फार कुणी सांगत नाही, आणि आमच्या मते या रेकॉर्डचा स्वभाव तिथेच आहे.

सोळा घरं आणि तीनतालाच्या सोळा मात्रा हा योगायोग मोहात पाडणारा आहे, पण त्यात एक फट आहे. ८०८ वर डिस्कोची किक, म्हणजे खालचा जड ठोका, पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर पडते. तीनतालात तिथेच सम, टाळी, खाली, टाळी. नववी मात्रा खालीची: तिथून पुढे डग्गा बंद होतो, घुमारा जातो, आणि त्या पोकळीमुळेच समेची ओढ लागते. डिस्कोत खाली नाही. चारही पाय सारखेच आपटतात. म्हणून रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत कान दमतो, आणि त्याचं खापर आपण ‘जुन्या आवाजा’वर फोडतो. दोष आवाजाचा नाही. सम आहे, पण तिच्याकडे जायचं कारण नाही. घरी हे करून पाहणाऱ्याला उपाय सोपा आहे: ८०८ वर, किंवा तिच्या कुठल्याही नकलेवर, नवव्या घरातली किक काढा आणि दहाव्या-अकराव्यावर नुसती बंद हाय-हॅट ठेवा. तेराव्यावर किक परत आली की सम आपोआप दिसू लागते. चरणजितनी हे केलं असतं तर नावातलं ‘डिस्को बीट’ खोटं ठरलं असतं, हेही खरं.

सुरांचा प्रश्न जास्त नाजूक. पट्टीवाल्या वाद्याची कटकट आपल्याकडे जुनी आहे. आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर बंदी घातली ती याचसाठी, आणि ती १९७१ मध्ये सैल झाली. सिंथेसायझरची पट्टीही पेटीसारखीच समान अंतरांची. शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येतो तो सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), पट्टीवर तो ४०० वर. चौदा सेंट चढा. भूपालीत गंधारच वादी, म्हणजे राग ज्या खांबावर उभा आहे तोच जरा कलता. तरीही भूपाली चालून जाते, कारण पेटीवर ऐकून आपले कान निबर झालेत. तोडीचं तसं नाही. तिथला गंधार अतिकोमल, पट्टीच्या ३०० सेंटच्याही खालचा, आणि तो नुसता उतरलेला नाही, तो हलत असतो. ज्युपिटरवर पट्टी दाबली की तो एका जागी ठाम उभा राहतो. तोडी ऐकताना सारखं वाटतं की कुणीतरी ओळखीचा माणूस पासपोर्टच्या फोटोत दिसतोय. दहातला सगळ्यात फसलेला तुकडा हाच.

ललित दुसऱ्या कारणाने अवघड जातो. त्यात पंचम नाही, दोन मध्यम एकमेकांना खेटून येतात, आणि रागाची सगळी गंमत त्या दोन मध्यमांमधल्या सरकण्यात आहे. पट्टीवर त्या दोन शेजारच्या चाव्या होतात. गळा जिथून वळसा घेऊन जातो तिथे बोट नुसतं पायरी उतरतं. ओळख पटते, पण पहाट होत नाही. मधुवंती नेटकी आहे, तिच्याबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. यमन सुरेख वाजलाय, फक्त इतका सवयीचा राग आहे की कान लवकर पुढे पळतो.

भैरव पहिला आहे आणि तो पहिला असायलाच हवा होता. कोमल ऋषभ आणि कोमल धैवतावरचं आंदोलन पट्टीला जमत नाही, तिथे सिंथच्या सुराची स्वतःची थरथर कामी येते. ती आंदोलन नव्हे. आंदोलन सावकाश, वरच्या सुराचा स्पर्श घेऊन येणारं असतं, यंत्राचा थरकाप दोन्ही बाजूंना सारखा. पण खाली ३०३ धावत असताना कानाला तेवढा हिशोब करायला फुरसत मिळत नाही, आणि भैरवाचा धीरगंभीर चेहरा त्या धावण्यावर विलक्षण दिसतो. मेघ मल्हारात यंत्राची घसरण रागाच्या बाजूने उभी राहते, कारण मध्यमावरून ऋषभावर उतरणं हीच तिथली सही आहे. कलावती सगळ्यात नाचरा. बैरागीवर रेकॉर्ड संपते, सकाळच्या रागावर, ज्याला रात्रभर नाचून घरी जायची सवय आहे त्याला ते बरोबर कळेल.

‘स्लाइड’बद्दल एक गैरसमज पसरलेला आहे की ३०३ मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग ओढत जाणं, वाजवतं, म्हणून ते भारतीय संगीताला शोभतं. ३०३ ची घसरण ठरावीक वेळाची असते, साधारण ६० मिलिसेकंद, मग दोन सूर शेजारचे असोत की सप्तकभर लांब. १२० च्या लयीत एक घर १२५ मिलिसेकंदांचं. म्हणजे घसरण अर्ध्या घरात संपते. सतारीची मींड दीड-दोन सेकंदही चालते आणि वाटेतले सूर दाखवत जाते. ३०३ वाट दाखवत नाही, दार आपटतं. त्याची जात खटक्याजवळची आहे. मींड हवी असेल तर ती ज्युपिटरच्या पोर्टामेंटोने (सूर सलग सरकवणारी सोय) किंवा डाव्या हाताच्या बेंडरनेच काढावी लागते.

ज्यांना हे स्वतः बसवून पाहायचंय त्यांच्यासाठी मालकंस घेऊ, कारण यात चुका कुठे होतात ते स्वच्छ दिसतं. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. डिस्कोचा नेहमीचा बास म्हणजे सा, पंचम, वरचा सा. सवयीने बोट पंचमावर गेलं की राग खलास. पंचमाच्या जागी मध्यम घ्यायचा. सा पांढरी दोन धरा (पट्ट्या पाश्चात्त्य सी पासून मोजायच्या, म्हणजे ही डी). मग कोमल गंधार पांढरी चार, मध्यम पांढरी पाच, कोमल धैवत काळी पाच, कोमल निषाद पांढरी एक. ओळ अशी:

सा – सा सां | म – ग सा | नि – ध म | ग म ग सा

रेघ म्हणजे रिकामं घर. ३०३ वर सूर आणि लय वेगवेगळे भरायचे असतात, आणि गोंधळ तिथेच उडतो. पिच मोडमध्ये नुसते सूर, रिकामी घरं वगळून: इथे तेरा. मग टाइम मोडमध्ये सोळा घरं, प्रत्येकाला सूर, ओढ किंवा विश्रांती. टाइम मोडमध्ये एक घर चुकलं की त्यापुढचा प्रत्येक सूर एकेक घर सरकतो आणि ओळ ओळखू येत नाही. दुरुस्त करत बसू नका, पॅटर्न पुसून पुन्हा भरा, तेच लवकर होतं. स्लाइड ज्या सुरावरून घसरायचं त्या सुरावर द्यायची, ज्यावर पोहोचायचं त्यावर नाही. इथे दुसऱ्या चौकटीतल्या गंधारावर दिली की गंधार-सा ही उतरण बोलते. अ‍ॅक्सेंट मध्यमावर, कारण वादी तोच. हा अ‍ॅक्सेंट आवाजाबरोबर फिल्टरही उघडतो, त्यामुळे वादी खरोखर उजळतो. भूपालीला हे फारच महत्त्वाचं: तेच पाच सूर, अ‍ॅक्सेंट गंधारावर दिला तर भूपाली, धैवतावर सरकला तर देशकाराचा वास यायला लागतो. यंत्र सगळ्या सुरांना सारखं वागवतं, राग वागवत नाही. अ‍ॅक्सेंटचं बटण हे त्या दोघांतलं एकमेव बोलणं.

सा पांढरी दोनच का, याचं उत्तर ८०८ मध्ये आहे. तिची किक म्हणजे नुसता ठोका नव्हे, तो ५० हर्ट्झच्या आसपासचा एक सूर आहे, पांढरी पाचच्या खर्जाजवळचा. मूळ यंत्रावर किकला टोन आणि डिके आहेत, सूर बदलायचा नॉब नाही. सा पांढरी एक धरून मालकंस वाजवला तर किक चारही ठोक्यांना वर्ज्य पंचम घुमवत राहते. मोबाइलवर कळत नाही, पण क्लबच्या मोठ्या बासपेट्यांवर राग नासतो आणि का नासला ते कुणाला समजत नाही. सा पांढरी दोनला नेला की तीच किक मध्यमावर बसते. मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात, तेच काम किक करू लागते. सुट्या भागांच्या फरकामुळे प्रत्येक यंत्राची किक थोडी इकडेतिकडे असते, तेव्हा डिके पूर्ण वाढवून एकदा ट्यूनर अ‍ॅपवर तपासा. जुळतच नसेल तर डिके आखूड करा, सूर कळण्याआधी ठोका संपतो.

थेट मैफलीकडे वळू. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित युरोपातल्या मंचांवर हे राग घेऊन गेले आणि तरुण पोरं त्यावर नाचली. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं, म्हणजे ही दुसरी इनिंग जेमतेम काही वर्षांची. त्या प्रयोगांची चित्रणं पाहताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली, माणूस हलत नाही. आजूबाजूला धूर, दिवे, उड्या, आणि हा गृहस्थ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बसावं तसा शांतपणे पट्ट्यांकडे बघतोय. दुसरी, पाच मिनिटांचं बंधन सुटल्यावर राग थोडा श्वास घेतो. तबकडीवर जी ओळ एकदा येऊन जाते ती मंचावर तीन-चारदा फिरवून मांडता येते. तरीही वेगाची मर्यादा तीच, कारण लेहरा आणि ठेका दोन्ही बांधलेले. विलंबिताला जागा नाही. फक्त वरचा एक हात मोकळा. आम्हाला विचाराल तर तबकडीपेक्षा मंचावरचा भैरव सरस, आणि तबकडीवरचा मेघ मंचावरच्यापेक्षा.

मुंबईत असा प्रयोग उभा करायचा तर अडचणी सुरांच्या आधी विजेच्या आहेत. जपानहून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. २३० च्या प्लगात थेट घातलं तर फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर आतला ट्रान्सफॉर्मरही. लॅमिंग्टन रोडवर स्टेप-डाउन सहज मिळतो, पण तो बहुधा ११० चा असतो. १०० चं यंत्र ११० वर चालतं, फक्त जास्त तापतं, आणि ज्युपिटरसारख्या आधीच तापट जिनसाला ते परवडत नाही. १०० चा मागून, मागच्या लेबलावर वाचून, शक्य तर मीटर लावून घ्या. ज्युपिटर तापला की सूर सरकतो. त्याला अर्धा तास आधी चालू ठेवून मग ट्यून बटण दाबायचं, आणि मैफलीच्या मध्यात एकदा पुन्हा. एसी हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत आणलेलं यंत्र लगेच चालू करू नये. आत दव धरतं. केस बंद ठेवूनच त्याला खोलीच्या हवेला येऊ द्यावं.

यंत्रं एकमेकांना बांधायची ती पाच पिनांच्या सिंक केबलने, ८०८ मालक आणि ३०३ नोकर. इथे नवखा हमखास फसतो, कारण मिडीची (यंत्रांना सुरांचे हुकूम पाठवणारी) केबल दिसायला अगदी तीच. मिडी पिन चार आणि पाचवरून बोलतं, सिंक पिन एक आणि तीनवरून. स्वस्त मिडी केबलींत एक आणि तीनला तारच जोडलेली नसते. केबल बसते, दिवे लागतात, ३०३ ढिम्म. पाचही तारा जोडलेली केबल घ्या किंवा खात्री म्हणून मीटरने सातत्य तपासा. ज्युपिटरचा आर्पेजिएटर (दाबलेले सूर एकेक करून वाजवणारी सोय) या सिंकवर चालत नाही, त्याला साधा ट्रिगर लागतो. तो ८०८ च्या मागच्या काउबेल किंवा अ‍ॅक्सेंटच्या ट्रिगर जॅकमधून द्यावा, आणि त्या वाद्याची घरं आर्पेजिओला हवी तशी भरावी. काउबेलचा आवाज नको असेल तर तिचा लेव्हल शून्य करा, ट्रिगर येतच राहतो.

साउंडवाल्याला आधीच पाच लाइन सांगून ठेवा: ज्युपिटरच्या दोन, ३०३ ची एक, ८०८ ची किक वेगळी आणि बाकी मिक्स. ‘डीजे आहे, दोन लाइन पुरे’ असं ठरवून ते बसलेले असतात. किक वेगळी मिळाली नाही तर वर सांगितलेला पंचमाचा घोळ मंचावर निस्तरता येत नाही. आणि उघड्यावर कार्यक्रम असेल तर रागांचा क्रम आधी बसवा. मालकंसाची वेळ उत्तररात्रीची आणि लाउडस्पीकरची वेस रात्री दहाची.

मूळ ३०३ आता काही लाखांत जातं, त्यामुळे शिकण्यासाठी रोलंडचं टीबी-०३ किंवा बेरिंगरचं टीडी-३ पुरे. मूळ यंत्र हाती लागलंच तर एक लक्षात ठेवा: त्याची स्मरणशक्ती आतल्या चार मध्यम सेलवर आहे. सेल संपले की पॅटर्न जातात, आणि बदलल्यावर आत भलतंच काहीतरी भरलेलं सापडतं. त्यातलं काही ऐकायला मस्तही असतं, पण त्यात राग नसतो. म्हणून ओळी वहीत लिहायच्या, वरच्या मालकंसासारख्या. पावसाळ्यात यंत्र पडून राहणार असेल तर ओळी आधी उतरवून सेल काढून ठेवा, गळलेला सेल सर्किटचे पत्रे खातो.

रेकॉर्ड विकत घेणाऱ्यासाठी थोडं. मूळ एचएमव्हीची प्रत चोर बाजारात सापडेल या आशेवर रविवार घालवायला हरकत नाही, पण ती ऐकण्यासाठी घ्यायची की कपाटासाठी हे आधी ठरवा. पाच-पाच मिनिटांचे पाच तुकडे एका बाजूला म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटं. एलपीला अठरा-वीस मिनिटं सोयीची. त्याहून लांब बाजू कोरायची तर खोबणी जवळजवळ घ्यावी लागते, आवाज आणि खर्ज दोन्ही कमी करावे लागतात, आणि लेबलाजवळच्या शेवटच्या तुकड्याला फरफर येते. पहिल्या बाजूची मधुवंती आणि दुसऱ्या बाजूचा बैरागी सुई टेकवून आधी ऐका, प्रत किती झिजलीय ते तिथे कळतं. ऐकायचंच असेल तर २०१० ची पुनर्मुद्रित आवृत्ती घ्यावी. फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. तिथे ३०३ चा खालचा सप्तक गायब होतो, उरते वरची टिकटिक, आणि मग कुणीही म्हणेल की हे व्हिडिओ गेमचं संगीत आहे. साधे वायरचे इयरफोन चालतील. दहाही तुकडे एका दमात ऐकू नका. दोन ऐका, थांबा, त्यातला एक राग कुठल्याही गवयाकडून अर्धा तास ऐका, आणि मग तोच तुकडा परत लावा. मेघाने सुरुवात करा, तोडी शेवटी.